जुन्या मोटरसायकलची हरवलेली किल्ली: कुलूप फोडण्यापूर्वी

जुन्या मोटरसायकलची किल्ली हरवली की बहुतेक मालक दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर गाडी ढकलत जवळच्या मेकॅनिककडे नेऊन, वायरी जोडून ती ‘डायरेक्ट’ करून घेतली जाते. नाही तर इग्निशनचे कुलूप ड्रिलने फोडून बाजारात मिळेल तो स्विच तेथे बसविला जातो. दोन्ही मार्ग झटपट आहेत आणि तीस-चाळीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत दोन्ही बहुधा अनावश्यक असतात. किल्ली हरवली तरी तिचा साचा हरवत नाही. तो कुलपाच्या आत, लहान लहान पत्त्यांच्या रूपाने, शाबूत असतो. कुलूप फोडले की मात्र तो कायमचा जातो.

नव्या गाडीच्या मालकाला ही चिंता फारशी नसते. कागदपत्रे दाखवून विक्रेत्याकडे नवी किल्ली किंवा संपूर्ण लॉक सेट मागविता येतो. जुन्या गाडीच्या मालकामागे असा आधार नसतो. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि त्याबरोबर येझदी मोटरसायकलींचे उत्पादन थांबले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेली राजदूत ३५० ही जपानी यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती त्या दशकाच्या अखेरीस इतिहासजमा झाली. लोकप्रिय आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये संपले. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या कंपनीमार्फत बाजारात परतले. परंतु या नव्या गाड्यांच्या किल्ल्यांचा जुन्या कुलपांशी काहीही संबंध नाही. रॉयल एनफिल्डचा कारखाना १९५५ पासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, अखंड चालू आहे. तरीही साठीतल्या किंवा सत्तरीतल्या बुलेटची किल्ली आजच्या शोरूममध्ये मिळेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

किल्ली मुळात होती का?

हा प्रश्न विचित्र वाटला तरी सर्वप्रथम विचारावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल यांसारख्या मोटरसायकली आजही भारतातील संग्राहकांकडे पाहावयास मिळतात. या गाड्यांमध्ये ठिणगीसाठी मॅग्नेटो हे उपकरण असते. ते इंजिनाच्या फिरण्यातूनच स्वतःची वीज निर्माण करते. त्याला बॅटरी लागत नाही आणि म्हणून बॅटरीचा प्रवाह जोडणारी किल्लीही लागत नाही. पेट्रोलचा नळ उघडायचा, किक मारायची, गाडी चालू. बंद करण्यासाठी मॅग्नेटोचा प्रवाह खंडित करणारे बटण किंवा इंजिनाची झडप उचलून धरणारा खटका पुरेसा होतो. युद्धभूमीवर किल्ली हरवण्याची जोखीम कोणत्याही सैन्याला परवडणारी नव्हती, हे समजण्यासारखे आहे. वारशाने आलेल्या अशा एखाद्या गाडीची ‘हरवलेली किल्ली’ घरातील प्रत्येक कपाटात शोधली जाते. प्रत्यक्षात ती कधी अस्तित्वातच नसते.

बॅटरी आणि कॉइलवर चालणाऱ्या गाड्या आल्या तशी किल्लीची गरज निर्माण झाली. तरीही त्या काळातील किल्ली आजच्या अर्थाने सुरक्षेचे साधन असेलच, असे नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जुनी जावा.

जावा हे नाव झेक उद्योजक फ्रँतिशेक यानेचेक यांच्या आडनावातील आणि ‘वाँडरर’ या जर्मन मोटरसायकलच्या नावातील आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये तयार झाले. त्या कंपनीच्या परवान्याखाली म्हैसूरमध्ये १९६० च्या दशकाच्या प्रारंभी उत्पादन सुरू झाले आणि १९७० च्या दशकात तीच गाडी येझदी या नावाने विकली जाऊ लागली. या गाड्यांच्या हेडलाइटवरील स्विचमध्ये जी किल्ली जाते, तिला दाते नसतात. प्लॅस्टिकची मूठ असलेली ती एक गोल सळई असते. ती आत दाबली की विद्युतसंपर्क जोडला जातो आणि फिरविली की दिव्यांची निवड होते. एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला चालते. प्रसंगी योग्य जाडीचा खिळाही चालतो, हे त्या काळातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चांगलेच ठाऊक होते.

मराठीतील ‘किल्ली’ हा शब्द संस्कृत ‘कील’, म्हणजे खुंटी किंवा खिळा, या शब्दाच्या कुळातला आहे. ‘चावी’ मात्र पोर्तुगीज भाषेतून आली. त्या दृष्टीने पाहता जावाच्या त्या सळईइतके ‘किल्ली’ हे नाव क्वचितच दुसऱ्या कशाला शोभेल.

तेव्हा जुन्या जावा-येझदीच्या मालकाने इग्निशनची किल्ली हरवल्याबद्दल घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा किल्ल्या आजही सुट्या भागांच्या दुकानांत तयार मिळतात आणि लेथवर सहज करूनही घेता येतात. तेथे खरे कुलूप म्हणजे हँडलचे कुलूप. ते स्वतंत्र असते आणि त्याची किल्लीही वेगळी असते. त्या काळच्या अनेक गाड्यांवर इग्निशन, हँडल आणि बाजूचा टूलबॉक्स यांची कुलपे वेगवेगळी असत. जुन्या मालकाच्या जुडग्यात चार किल्ल्या असतील तर त्यातील कोणती कशाची, हे आधी लावून पाहणे योग्य. अनेकदा ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिलेली किल्ली हँडलच्या कुलपाचीच निघते.

कुलपाच्या पोटात काय असते

मोटरसायकलच्या दातेरी किल्लीचे कुलूप सामान्यतः पत्त्यांचे असते. घराच्या दारावरील कुलपात बहुधा लहान खिळ्यांच्या जोड्या असतात. वाहनाच्या कुलपात त्यांच्या जागी मध्यभागी चौकोनी भोक असलेल्या चपट्या पत्त्या असतात. कुलपाचा फिरणारा गाभा, ज्याला कारागीर ‘बॅरल’ म्हणतात, त्यात या पत्त्या एकामागोमाग एक बसविलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली आत नसताना पत्त्या गाभ्याच्या बाहेर डोकावतात, बाहेरील कवचाच्या खाचेत अडकतात आणि गाभा फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की तिच्यावरील प्रत्येक खाच आपापल्या पत्तीला नेमक्या उंचीवर आणते. सर्व पत्त्या गाभ्याशी समतल होतात आणि गाभा फिरतो.

सर्व पत्त्या बाहेरून सारख्याच दिसतात. फरक असतो तो त्यांतील भोकाच्या जागेचा. हे भोक किती उंचीवर आहे, यावरून त्या जागी किल्लीला किती खोल खाच हवी, हे ठरते. बहुतेक कुलपांत अशा चार-पाच उंचीच पुरेशा असतात. पाच पत्त्या आणि प्रत्येकीच्या चार शक्यता धरल्या तर कागदावर १,०२४ वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. सगळ्या खाचा एकाच खोलीच्या असलेल्या आणि अशाच अन्य गैरसोयीच्या जुळण्या वगळल्या की प्रत्यक्षातील संख्या बरीच कमी होते. काही उत्पादकांनी तर फारच थोड्यांवर भागविले. १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि ७० चे दशक या काळातील ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकलींवर ‘एफएस’ मालिकेच्या किल्ल्या असत. त्यांचे क्रमांक ८७६ पासून ९५५ पर्यंत, म्हणजे अवघे ८० प्रकार. हजारो गाड्या आणि ८० किल्ल्या. त्यातच कुलपे झिजलेली असली तर शेजाऱ्याची किल्ली आपल्या गाडीला लागण्याचा प्रसंग अगदीच दुर्मीळ नव्हता.

या मांडणीतून निघणारी गोष्ट साधी आहे. गाभा सुखरूप बाहेर काढता आला तर पत्त्या पाहून किल्ली नव्याने कापता येते. गाभा बाहेर काढता आला नाही तरी आतील पत्त्यांची जागा बाहेरून ओळखता येते, आणि हेच चांगल्या किल्लीवाल्याचे कौशल्य. त्याहीपूर्वी मात्र क्रमांक शोधावा.

क्रमांकाचा शोध

पुष्कळ उत्पादक किल्लीच्या मुठीवर लहान अंकांत एक क्रमांक ठोकत असत आणि तोच क्रमांक कुलपावरही असे. वर उल्लेखिलेल्या एफएस मालिकेत तो कुलपाच्या दर्शनी तोंडावरच आढळतो. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक होंडा गाड्यांवरही तो इग्निशनच्या तोंडावर दिसतो. पुढे चोराला आयती माहिती मिळू नये म्हणून तो कुलपाच्या अंगावर, म्हणजे कुलूप काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, हलविण्यात आला. रंगाचा थर, गंज आणि वर्षानुवर्षांचा मळ यांखाली हे अंक दडलेले असतात. जुना दात घासण्याचा ब्रश, थोडे रॉकेल आणि तिरक्या कोनातून पाडलेला विजेरीचा प्रकाश एवढ्या सामग्रीवर ते पुष्कळदा वाचता येतात. पॉलिश कागदाने खरवडणे मात्र टाळावे, कारण उथळ ठोकलेले अंक त्यात पुसले जातात.

क्रमांक मिळाला तर अर्धे काम झाले. ब्रिटिश मालिकांच्या किल्ल्या क्रमांकानुसार आजही तयार केल्या जातात आणि परदेशातील जुन्या मोटरसायकलींचे विक्रेते त्या टपालाने पाठवितात. जपानी गाड्यांच्या बाबतीत क्रमांकावरून खाचांची खोली सांगणारे तक्ते व्यावसायिक किल्लीवाल्यांकडे असतात. जुनी पावती, मालकाची पुस्तिका, सर्व्हिस बुक, विम्याचे जुने कागद हेही चाळून पाहावेत. गाडी घेताना किल्लीचा क्रमांक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टिपून ठेवण्याची सवय अनेक मालकांना होती.

इग्निशनचा क्रमांक सापडत नसेल तर इतर कुलपांकडे वळावे. जपानी पद्धतीच्या गाड्यांत एकच किल्ली इग्निशनला, पेट्रोल टाकीच्या झाकणाला आणि आसनाला चालते. टाकीचे झाकण किंवा आसनाचे कुलूप सोडविणे इग्निशनपेक्षा पुष्कळ सोपे असते आणि तेवढेच किल्लीवाल्याकडे नेले तरी चालते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. दुय्यम कुलपांत पत्त्यांची संख्या कधी कधी कमी असते. आसनाच्या कुलपावरून कापलेली किल्ली आसनाला व्यवस्थित चालली आणि इग्निशनमध्ये अडली, तर ती चुकीची आहे असे समजून फेकू नये. तिच्यावर एक किंवा दोन खाचा राहिल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

कानस आणि कोरी किल्ली

क्रमांक नाही, पुस्तिका नाही, आणि कुलूप तर जाग्यावर घट्ट. बहुसंख्य भारतीय गाड्यांच्या बाबतीत हीच परिस्थिती असते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला लाकडी पेटी मांडून बसणाऱ्या किल्लीवाल्याची विद्या कामी येते. तिला कमी लेखणे योग्य होणार नाही. किल्ली समोर ठेवून तिची नक्कल यंत्रावर काढणे आणि किल्ली नसताना कुलपाच्या सांगण्यावरून ती घडविणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम कोणतेही दुकान करते; दुसऱ्यासाठी हातात वर्षांचा सराव लागतो.

या पद्धतीत कारागीर प्रथम कुलपाच्या फटीत नेमकी बसणारी कोरी किल्ली निवडतो. निवड चुकली तर पुढचे सर्व श्रम वाया जातात, कारण कोऱ्या किल्लीच्या अंगावरील उभ्या खोबणी त्या कुलपाच्या फटीशी जुळाव्या लागतात. ती आत सरकवून हलकेच पिळली की आतील पत्त्या तिच्या कडेवर दाबल्या जातात आणि बारीक चमकदार खुणा उमटतात. खुणा स्पष्ट दिसाव्यात म्हणून काही कारागीर किल्लीवर आधी काजळी धरतात. जेथे खूण दिसेल तेथे कानशीचे दोन-तीन हात, पुन्हा आत, पुन्हा खूण. पत्ती योग्य उंचीवर आली की तिची खूण उमटणे थांबते आणि कारागीर पुढील पत्तीकडे वळतो. शेवटची पत्ती जुळली की कुलूप फिरते. काम अर्ध्या तासात होते किंवा अर्धा दिवसही घेते. पावसाळ्यात अनेक वर्षे उघड्यावर राहिलेल्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत गंजलेल्या कुलपात पत्त्याच हलत नाहीत. तेथे आधी गंज सोडविणारे तेल सोडून एखाददोन दिवस वाट पाहावी लागते.

मालकाने या कामात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोरी किल्ली पितळेची किंवा निकेल सिल्व्हरची असावी. निकेल सिल्व्हरमध्ये नावाप्रमाणे चांदी नसते; ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. कठीण पोलादी किल्ली टिकाऊ वाटते, पण जुन्या कुलपाच्या मऊ पत्त्या ती झिजविते. किल्ली नव्याने करणे सोपे आहे, कुलूप नव्याने करणे नाही. झीज व्हायचीच असेल तर ती किल्लीची व्हावी. दुसरी गोष्ट म्हणजे कारागिराने नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागितले तर राग मानू नये. गाडीची मालकी विचारणारा किल्लीवाला हा न विचारणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा.

किल्ली हरवली नसून कुलपात तुटली असेल, तर उतावळेपणा आणखी नडतो. तुटलेला तुकडा टाचणीने आत ढकलणे, दुसऱ्या अर्ध्या भागाला झटपट चिकटणारा गोंद लावून तो ओढण्याचा प्रयत्न करणे हे प्रकार सर्रास केले जातात. गोंद पत्त्यांवर पसरला की ते कुलूप कायमचे बाद होते. कुलूप पूर्ण बंद स्थितीत असताना तुकडा सहज निघण्याची शक्यता अधिक असते, आणि ते काम जिगसॉच्या बारीक पात्याचा उपयोग जाणणाऱ्यावर सोपवावे. दोन्ही तुकडे मिळाले तर ते जुळवून नवी किल्ली कापता येते, म्हणून मुठीकडचा तुकडा फेकू नये.

हँडल कुलूपबंद असताना किल्ली हरवली असेल तर ते झटक्याने फिरवून मोकळे करण्याचा मोह आवरावा. कुलपाची जीभ ज्या कानात शिरते, तो कान जुन्या गाड्यांत बहुधा सांगाड्याचा किंवा हँडलखालील ओतीव भागाचा हिस्सा असतो. तो तुटला तर नुकसान कुलपाचे नव्हे, सांगाड्याचे होते.

‘डायरेक्ट’ची किंमत

तातडीची गरज म्हणून गाडी एकदा वायर जोडून घरी नेणे समजण्यासारखे आहे. तीच व्यवस्था महिनोन्महिने चालू ठेवण्यात मात्र धोका आहे. बॅटरी-कॉइल पद्धतीच्या गाडीत इंजिन बंद असताना प्रवाह चालू राहिला आणि प्लॅटिनम पॉइंट नेमके मिटलेल्या स्थितीत असले, तर कॉइलमधून सतत वीज वाहते. कॉइल तापते, बॅटरी उतरते, कधी कॉइल जळते. फ्यूज टाळून ओढलेली उघडी वायर पेट्रोलच्या टाकीखालून जात असेल, तर धोक्याचे स्वरूप आणखी गंभीर होते. शिवाय अशा गाडीला कुलूप उरत नाही. तिचे संरक्षण हँडलचे कुलूप आणि चाकातील साखळी यांवर येऊन पडते.

कुलूप खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर बदल करावाच लागतो. जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेले जुने गाभे ठिसूळ होतात, चिरतात, आणि अशा वेळी पर्याय राहत नाही. दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मल्लिक बाजार, बंगळुरूचा जे. सी. रोड, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार ही जुन्या सुट्या भागांची ठिकाणे जाणकारांना परिचित आहेत. तेथे मिळणारा जुना स्विच किल्लीसह घ्यावा, आणि तो बसविण्यापूर्वी वायरींच्या जोडण्या तपासून पाहाव्यात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्विचांचे अंतर्गत संपर्क वेगळे असू शकतात. शक्य तेथे पावती घ्यावी. याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ कवच कायम ठेवून आतील गाभा किंवा पत्त्या बदलून घेणे. त्यामुळे गाडीचे मूळ रूप राहते आणि नव्या किल्लीमुळे हरवलेली जुनी किल्ली निरुपयोगी होते. किल्ली चोरीस गेली असल्याचा संशय असेल तेव्हा हाच उपाय योग्य ठरतो.

कागदपत्रांचा भाग

किल्ली हरविण्याच्या घटनांत एक प्रकार विशेष अवघड आहे. वडिलांची किंवा आजोबांची गाडी जिन्याखाली उभी असते, मालक हयात नसतो, किल्ली कोठे ठेवली हे फक्त त्यालाच ठाऊक असते. अशा ठिकाणी किल्लीचा प्रश्न सुटला तरी गाडी चालविण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर गाडीचा ताबा मिळालेल्या व्यक्तीने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला तसे कळवावे लागते, आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. ही मुदत उलटून वर्षे गेली असल्यास प्रथम कार्यालयाशी संपर्क साधणे क्रमप्राप्त आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर मालकाला नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशन करण्याची सोय उपलब्ध झाली आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. जिन्याखालच्या गाडीबाबत बहुधा हेही राहून गेलेले असते.

किल्ली हरवल्याची नोंद पोलिसांकडे करावी. अनेक राज्यांत हरवलेल्या वस्तूंची तक्रार पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या नोंदविता येते. ही औपचारिकता निरर्थक वाटण्याची शक्यता आहे, परंतु तिचे महत्त्व विम्याच्या वेळी कळते. वाहनचोरीचा दावा आल्यास विमा कंपन्या सामान्यतः गाडीच्या सर्व मूळ किल्ल्या सादर करण्यास सांगतात. त्यातील एक नसेल तर ती कधी व कशी हरवली, याचा लेखी पुरावा मालकाजवळ असणे हिताचे ठरते. नवी किल्ली करून घेतल्याची किंवा गाभा बदलल्याची पावतीही याच कागदांत ठेवावी.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात मोडतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी वाहने नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालविता येतात. इग्निशनचे कुलूप हा सांगाडाही नव्हे आणि इंजिनही नव्हे. त्यामुळे ते बदलल्याने गाडी अपात्र ठरेल, अशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. तरीही मूळ स्वरूपाला महत्त्व देणाऱ्या जाणकारांच्या नजरेतून हेडलाइटवर ठोकलेला परका स्विच सुटत नाही, आणि विक्रीच्या वेळी किंमत ठरविताना त्याचा उल्लेख हमखास निघतो. काढलेले जुने कुलूप म्हणूनच भंगारात न देता डब्यात जपून ठेवावे.

नवी किल्ली हाती आल्यावर

एक किल्ली तयार झाली की त्याच दिवशी दुसरी करून घ्यावी. क्रमांक सापडला असल्यास ती क्रमांकावरून कापावी. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली नक्कल झिजेचीही नक्कल असते. नकलेची नक्कल आणखी बिघडते आणि तिसऱ्या पिढीची किल्ली कुलपात अडखळू लागते. किल्लीवाल्याने हाताने घडविलेली पहिली किल्ली रोज न वापरता मूळ नमुना म्हणून बाजूला ठेवणे अधिक शहाणपणाचे. जुडग्यात जड वस्तू अडकवू नयेत. गाडीच्या हादऱ्यांनी त्या किल्लीला सतत ओढ देतात आणि कुलपाची फट रुंदावते. सैल फटीतील किल्ली धावत्या गाडीतून रस्त्यावर पडल्याचे प्रकार जुन्या गाड्यांत घडतात, आणि इंजिन चालूच राहत असल्याने मालकाच्या ते ध्यानात येते मुक्कामी पोहोचल्यावर.

कुलपात तेल किंवा ग्रीस भरण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो. कुलपासाठी ग्राफाइटची कोरडी भुकटी वापरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो हँडल, आसन आणि टूलबॉक्स यांच्या कुलपांबाबत योग्य आहे. इग्निशनच्या बाबतीत मात्र ती बेताने वापरावी. ग्राफाइट विजेचे वाहक आहे आणि त्याची भुकटी गाभ्यामागील विद्युतसंपर्कांवर साचणे इष्ट नाही.

किल्लीचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रतीबरोबर घरी लिहून ठेवावा. तो जुडग्यावरील बिल्ल्यावर कोरून घेण्याची काही मालकांना हौस असते. असा बिल्ला ज्याच्या हाती पडेल, त्याला कुलूप न पाहताही किल्ली करून घेता येते.